सेक्टर ३-४ : एका जोडाचा घटनाक्रम

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला लार्ज हॅड्रॉन कोलायडर १९ सप्टेंबर २००८ रोजी जमिनीखाली फुटला, तेव्हा त्याच्यात प्रोटॉनांचा एकही झोत फिरत नव्हता. टक्कर नव्हती, प्रयोग नव्हता. अतिवाहक चुंबकांच्या एका मंडलात विद्युतप्रवाह ठरलेल्या चालीनं वाढवत न्यायची चाचणी तेवढी चालू होती. प्रवाह पुरवणारं यंत्र नीट चाललं. राखणीला बसवलेली उपकरणंही नेमून दिल्याप्रमाणे वागली. तरीही ५३ चुंबक बोगद्याबाहेर काढावे लागले आणि जगातलं सर्वांत मोठं यंत्र वर्षभराहून अधिक काळ बंद पडलं.

हा घटनाक्रम सुरुवातीला दिवसांनी पुढे सरकतो, मग मिनिटांनी, आणि शेवटी सेकंदाच्या शंभराव्या भागांनी.

१० सप्टेंबर २००८, बुधवार. सकाळी १०:२८

२७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात, जमिनीखाली सरासरी १०० मीटरवर, प्रोटॉनांचा पहिला झोत पूर्ण फेरी मारून आला. प्रकल्पप्रमुख लिन इव्हान्स जगभरच्या कॅमेऱ्यांसमोर नियंत्रण कक्षात उभे होते. आपल्याकडे तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. घरोघरी गणपती बसलेले होते, आणि हिंदी वृत्तवाहिन्या पृथ्वी गिळणाऱ्या कृष्णविवराच्या बातम्या दाखवून लोकांना घाबरवत होत्या. त्या बातम्यांनी सामान्य माणसाचं नुकसान केलं असं मला वाटतं. यंत्रात खरा धोका कुठे असतो हे समजून घ्यायची संधी त्या गदारोळात हातची गेली.

त्या दिवशी फिरलेला झोत ४५० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा होता. एवढ्या ऊर्जेचे प्रोटॉन वळवायला मुख्य चुंबकांत ७६० अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो. यंत्राची पूर्ण क्षमता मात्र ७ टेराइलेक्ट्रॉन व्होल्टची, आणि त्यासाठी ११,८५० अँपिअर लागतात. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा चुंबकांना पूर्ण प्रवाहाचा जेमतेम सोळावा हिस्सा दिलेला होता.

यंत्राचे आठ भाग, म्हणजे आठ सेक्टर. प्रत्येकाचा वीजपुरवठा स्वतंत्र. सात सेक्टरांच्या मुख्य मंडलांची चाचणी ५.५ टेराइलेक्ट्रॉन व्होल्टला लागणाऱ्या प्रवाहापर्यंत, म्हणजे ९,३०० अँपिअरपर्यंत, झाली होती. आठवा सेक्टर ३-४. फ्रान्सच्या हद्दीत, जुरा डोंगराच्या पायथ्याशी, पॉइंट ३ आणि पॉइंट ४ यांच्या मधला हा तीन किलोमीटरांहून थोडा लांब तुकडा. त्याचं मंडल तोवर ७,००० अँपिअरपर्यंतच नेलेलं होतं. राहिलेलं काम झोत फिरवल्यानंतर उरकायचं ठरलं.

इथे थोडं थांबून हे मंडल समजून घ्यायला हवं. ते कळलं नाही तर पुढचं सेकंद कळणार नाही.

प्रत्येक सेक्टरमध्ये १५४ मुख्य द्विध्रुव चुंबक एकापुढे एक, एकाच माळेत जोडलेले असतात. एकेक चुंबक १५ मीटर लांब आणि ३५ टन वजनाचा. माळेच्या टोकाला एक पॉवर कन्व्हर्टर असतो. सेक्टर ३-४ चा कन्व्हर्टर पॉइंट ४ ला, बोगद्याला समांतर असलेल्या गॅलरीत आहे. तो १३,००० अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकतो, पण त्याचा व्होल्टेज मात्र १९० व्होल्टच, आपल्या घरातल्या प्लगपेक्षाही कमी. कारण चुंबकांची तार निओबियम-टायटेनियमची, आणि ती १.९ केल्विनला, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेली. त्या तापमानाला तारेचा विद्युतरोध शून्य होतो. एकदा प्रवाह चढला की तो टिकवून ठेवायला चुंबकांच्या माळेत व्होल्टेज लागतच नाही, बाहेरच्या साध्या तांब्याच्या केबलींपुरता लागतो. व्होल्टेज लागतो तो प्रवाह बदलताना. १५४ चुंबकांचा मिळून प्रेरकत्व गुणांक १५ हेन्रींहून थोडा जास्त आहे. सेकंदाला १० अँपिअर या चालीनं प्रवाह वाढवायचा तर १५० व्होल्टांहून थोडे अधिक द्यावे लागतात. उतरवताना तेवढेच उलट दिशेनं.

म्हणून असा कन्व्हर्टर चालवताना जोर लावण्याचा प्रश्न नसतो, प्रश्न असतो संयमाचा आणि अचूकतेचा. आठही सेक्टरांच्या कन्व्हर्टरांनी एकमेकांशी दशलक्षात काही भागांइतका मेळ ठेवायचा असतो, नाहीतर झोत मार्ग सोडतो. आणि काही बिघडलंच, तर प्रवाह एका झटक्यात शून्यावर आणता येत नाही. मंडलात साठलेली ऊर्जा आधी कुठेतरी जावी लागते.

ती ऊर्जा किती? ८,७०० अँपिअरला सुमारे ६०० मेगाज्यूल. विजेच्या बिलाच्या भाषेत १६७ युनिट, एखाद्या लहान कुटुंबाचा महिन्याभराचा वापर. आकडा ऐकून कुणाला भीती वाटणार नाही. पण महिन्याभराची ही वीज हाताएवढ्या जागेत, काही सेकंदांत बाहेर पडली तर काय होईल, हा खरा प्रश्न आहे.

सर्नच्या अभियंत्यांनी तो प्रश्न स्वतःला विचारला होता. अतिवाहक तारेचा एखादा भाग जरा तापला की तिथे विद्युतरोध परत येतो, त्या रोधामुळे आणखी उष्णता निघते, आणि अतिवाहकता पसरत पसरत मोडत जाते. याला क्वेंच म्हणतात. प्रत्येक चुंबकावर क्वेंच ओळखणारं उपकरण होतं आणि ते १०० मिलिव्होल्टला जागं होत असे. क्वेंच दिसला की हीटर पेटवून पूर्ण चुंबक सारखा तापवायचा, म्हणजे एकाच जागी भार येत नाही. प्रवाहाला चुंबक टाळून जायला डायोडची वाट ठेवलेली. आणि मंडलातले मोठे स्विच उघडून सगळा प्रवाह जाडजूड रोधकांतून वळवायचा, तिथे ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. या सगळ्या रचनेत चुंबक हा रुग्ण धरलेला होता.

चुंबक आणि चुंबक यांच्या मधल्या जोडाचा विचार मात्र त्या मानानं फार कमी झाला होता.

बोगद्यात अशा मुख्य जोडांची संख्या १०,००० च्या आसपास आहे. दोन अतिवाहक केबली तांब्याच्या खोबणीत एकमेकींवर ठेवून टिन-चांदीच्या सोल्डरनं सांधायच्या. काम बोगद्यातच, दोन चुंबकांमधल्या अरुंद फटीत करायचं. सोल्डर नीट वितळून भरलं, तर जोडाचा रोध एका नॅनोओहमपेक्षा कमी राहतो, म्हणजे एका ओहमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. मर्यादा ०.६ नॅनोओहमची घातली होती. पण बसबारच्या, म्हणजे चुंबकांना जोडणाऱ्या या वाहकांच्या, लांबलचक तुकड्यांवर नजर ठेवणारं उपकरण जागं व्हायचं ते १ व्होल्टला. हजारो अँपिअर वाहत असताना एखादा जोड मर्यादेच्या शंभर पट, दोनशे पट वाईट असला, तरी त्याच्यावर मिलिव्होल्टभरच दिसणार. १ व्होल्टची वाट पाहणाऱ्या उपकरणाला ते कसं दिसावं?

सप्टेंबरचा दुसरा आठवडा

पॉइंट ८ ला ३० टन वजनाचा ट्रान्सफॉर्मर बिघडला. शीतकरणाचे कॉम्प्रेसर थांबले, शेजारच्या सेक्टरांचं तापमान वर गेलं आणि झोताचं काम थांबलं. या बिघाडाचा पुढच्या घटनेशी थेट संबंध नाही. पण झोत नसलेले हे दिवस सेक्टर ३-४ च्या उरलेल्या चाचण्यांच्या उपयोगी पडले.

१५ सप्टेंबर, सोमवार

जगाच्या बातम्यांत त्या दिवशी लेहमन ब्रदर्सचं दिवाळं होतं. कोलायडरची बातमी मागे पडली होती.

सेक्टर ३-४ मध्ये प्रवाह ७,००० अँपिअरवर नेऊन ठेवला होता. तिथल्या एका भागातल्या तापमापकांनी वाढ नोंदवली. ती ४० मिलिकेल्विनपर्यंत गेली, म्हणजे अंशाच्या पंचविसाव्या भागाइतकी. चुंबकांना थंड ठेवणारा अतिप्रवाही हेलियम उष्णता झपाट्यानं वाहून नेतो, त्यामुळे कुठेतरी भलतीच उष्णता निर्माण होत असली तरी तिची खूण एवढी बारीकच दिसते. नंतर हिशेब मांडला तेव्हा त्या जागी सुमारे १०.७ वॅट निघत होते असं दिसलं. ७,००० अँपिअरला १०.७ वॅट म्हणजे २२० नॅनोओहमच्या आसपास रोध. एक जोड मर्यादेच्या साडेतीनशे पटींहून वाईट होता, आणि तो तसं सांगतही होता.

ही नोंद संगणकात साठवली गेली. तिच्याकडे या नजरेनं त्या दिवशी कुणी पाहिलं नाही. शीतकरणाच्या माणसांचं काम यंत्र १.९ केल्विनला ठेवण्याचं होतं, ते त्यांनी केलं. विजेच्या माणसांचं काम व्होल्टेज पाहण्याचं होतं, व्होल्टेज निर्दोष होता. दोन्ही आलेख शेजारी ठेवून वाचणं हे कुणाच्याच कामात नव्हतं. माझ्या मते या दुर्घटनेचा दिवस १५ सप्टेंबर आहे. १९ तारखेला तिचा आवाज झाला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळ

बोगदा रिकामा केलेला. चुंबकांत मोठा प्रवाह सोडायचा असेल तेव्हा आत माणूस असायचाच नाही, हा नियम सक्तीचा होता आणि तो पाळला गेला. पुढे जे झालं त्यात एकाही माणसाला इजा झाली नाही, ती या एका नियमामुळे. मोठ्या यंत्रांवर काम करणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट मनात कोरून ठेवावी.

चाचणी साधी होती. मुख्य द्विध्रुवांचं मंडल ९,३०० अँपिअरपर्यंत न्यायचं. सात सेक्टरांनी ही परीक्षा दिलेली होती.

अकराच्या सुमारास

प्रवाह सेकंदाला १० अँपिअर या नेहमीच्या चालीनं चढत होता. या चालीनं शून्यापासून ८,७०० पर्यंत जायला साडेचौदा मिनिटं लागतात. कन्व्हर्टरचा आलेख अशा वेळी पट्टीनं ओढल्यासारखा सरळ तिरपा असतो.

७,००० अँपिअर ओलांडल्यावर या मंडलासाठी सगळा प्रदेश नवा होता. तिथून ८,७०० पर्यंतचं अंतर १७० सेकंदांचं, तीन मिनिटांनाही थोडं कमी. उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. ज्या जोडात ७,००० ला १०.७ वॅट निघत होते, त्यात ८,७०० ला साडेसोळा वॅटांच्या पुढे निघू लागतात. हेलियम एका मर्यादेपर्यंत ती उष्णता ओढून नेतो, त्यापुढे नाही.

तो जोड होता द्विध्रुव सी-२४ आणि त्याच्या शेजारचा चतुर्ध्रुव चुंबक क्यू-२४ यांच्या मधला.

११:१८:३६

मंडलात ३०० मिलिव्होल्टचा जादा व्होल्टेज उमटला. जोडातली केबल तापून अतिवाहकता गमावून बसली होती. अशा प्रसंगी प्रवाहानं आजूबाजूच्या तांब्यात शिरायचं असतं, त्यासाठीच ते तांबं ठेवलेलं. पण जिथे सोल्डर पुरेसं भरलेलं नव्हतं, तिथे केबल आणि तांबं यांची धड गाठच पडलेली नसावी. ८,७०० अँपिअरना जायला वाट उरली ती तापलेल्या, उघड्या केबलीचीच.

कुठल्याही एकट्या चुंबकाच्या उपकरणानं इशारा दिला नव्हता. १०० मिलिव्होल्टला जागी होणारी ती उपकरणं शांत होती. चुंबक ठणठणीत होते, म्हणून ती बोलली नाहीत. यावरूनच पुढे तपासणाऱ्यांना खात्री पटली की सुरुवात चुंबकात झाली नाही.

अधिक ०.३९ सेकंद

व्होल्टेज १ व्होल्टवर पोहोचला. उपकरणाला जे दिसायला हवं होतं ते आता दिसलं.

अधिक ०.४६ सेकंद

कन्व्हर्टरला प्रवाहाची चढण राखता येईना आणि तो आपणहून बंद झाला. त्यानं योग्यच केलं. प्रवाह उतरू लागला, पण अगदी संथ.

अधिक ०.८६ सेकंद

ऊर्जा काढून घेणारे स्विच उघडले आणि मोठे रोधक मंडलात आले.

इथपर्यंत सगळं आराखड्याप्रमाणे. चौकशी अहवालही तेच म्हणतो: क्वेंच ओळखणारी व्यवस्था, कन्व्हर्टर, ऊर्जा काढणारे स्विच, सगळे अपेक्षेप्रमाणे वागले. पण रोधक आल्यावरही प्रवाह लगेच शून्य होत नाही. १५ हेन्रींच्या मंडलात सुमारे ०.१५ ओहमचा रोध घातला, तर प्रवाह एक तृतीयांशाच्या थोडा वर येऊन ठेपायलाच १०० सेकंदांच्या आसपास लागतात. स्विच उघडले त्या क्षणी जोडातून जवळजवळ संपूर्ण ८,७०० अँपिअर जात होते, आणि पुढचे कित्येक सेकंद हजारोंनी जातच राहणार होते. तुटणाऱ्या जोडाला एवढा वेळ नव्हता.

त्याच पहिल्या सेकंदात

जोड तुटला आणि फटीत विजेची ठिणगी उभी राहिली. ठिणगी म्हणायचं, पण तिच्यात पुढच्या काळात सुमारे २७५ मेगाज्यूल ऊर्जा ओतली गेली, मंडलातल्या एकूण साठ्याच्या निम्म्याच्या जवळपास. तिनं हेलियमचं पोलादी वेष्टन छेदलं, झोताच्या नळ्या फोडल्या. द्रवरूप हेलियम बाहेरच्या निर्वात पोकळीत घुसला.

त्यानंतरची मिनिटं

चुंबकांभोवती निर्वात पोकळी असते, बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून. ती दर २१४ मीटरवर पडद्यांनी विभागलेली. दाब वाढला तर हेलियम बाहेर पडावा म्हणून प्रत्येक विभागाला स्प्रिंगच्या झडपा होत्या. त्या उघडल्या. पण त्यांचा आकार ठरवताना सेकंदाला २ किलो हेलियम निसटेल असं धरलं होतं. त्या दिवशी सुमारे २० किलो निसटत होता.

पोकळीचा आराखडा दीड बार दाबाचा. दाब त्याच्या कितीतरी पुढे गेला. मधल्या पडद्यांवर एवढा जोर आला की पडदे ज्या चतुर्ध्रुवांच्या आवरणांत बसवलेले होते ती आवरणंच सरकली. क्यू-२३, क्यू-२७ आणि क्यू-३१ या जागांवरची आवरणं त्यांच्या जॅकवरून ढकलली गेली. काही ठिकाणी जॅक रोवून धरणारे नट-बोल्ट बोगद्याच्या काँक्रीटच्या जमिनीतून उपटून निघाले. आतले द्विध्रुव आपल्या थंड आधारांवरून हलले.

हे जॅक भारतात बनलेले होते. कोलायडरचा जवळजवळ प्रत्येक अतिवाहक चुंबक ज्या जॅकवर टेकलेला आहे, ते सात हजारांहून अधिक जॅक इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रामार्फत गेले. क्वेंचच्या वेळी हीटर पेटवणारे साडेपाच हजारांच्या आसपास वीजपुरवठा संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियानं बनवले. त्या दिवशी सुमारे १०० चुंबक क्वेंच झाले. कित्येक टनांचा आडवा दाब सोसण्यासाठी जॅक बनवलेलेच नव्हते. ते चुंबक मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेमक्या जागी धरण्यासाठी होते, आणि ते काम त्यांनी आजवर चोख केलं आहे. यंत्राच्या एका टोकाचा जोड आणि दुसऱ्या टोकाचा जॅक यांचं नातं असं एकाएकी उघड होतं.

काही मिनिटांत सुमारे २ टन हेलियम बोगद्यात गेला. द्रवरूप हेलियम खोलीच्या तापमानाला आला की ७०० पटींहून जास्त फुगतो. २ टनांचे १२,००० घनमीटर होतात. त्या हवेत श्वास घेण्याजोगा ऑक्सिजन उरत नाही. आत कुणी असतं तर वाचलं नसतं. पुढे आणखी हेलियम गेला, एकूण ६ टन. सेक्टरमध्ये होता १५ टन.

झोताच्या नळ्यांत काजळी आणि उष्णतारोधक पापुद्र्यांचे तुकडे शिरले, तेही सेक्टरच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर.

२० सप्टेंबर, शनिवार

सर्ननं पत्रक काढलं: दोन चुंबकांमधला विद्युतजोड सदोष असावा, काम किमान दोन महिने थांबेल. चार दिवसांत अंदाज बदलला. १.९ केल्विनला असलेला सेक्टर उघडून पाहायचा तर आधी तो हळूहळू तापवावा लागतो आणि त्यालाच आठवडे लागतात. मग नवीन तारीख आली: २००९ चा वसंत. नंतर उन्हाळा. झोत परत फिरला तो २० नोव्हेंबर २००९ ला.

२१ ऑक्टोबर २००८ ला यंत्राचं औपचारिक उद्घाटन झालं, ते आधीच ठरलेलं होतं. पाहुणे आले, भाषणं झाली. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

सेक्टर उघडल्यावर

फिलिप लब्रँ यांच्या नेतृत्वाखालच्या चौकशी गटाला तो जोड सापडलाच नाही. तो वितळून, वाफ होऊन गेला होता. म्हणून तिथे सोल्डर नेमकं कसं होतं हे डोळ्यांनी पाहून कुणी सांगू शकलं नाही. १५ सप्टेंबरची तापमानं, ११:१८:३६ चे व्होल्टेज आणि संगणकावरची पुनर्रचना यांच्यावरून सगळा निष्कर्ष उभा आहे. तो भक्कम आहे. २२० नॅनोओहमचा जोड आणि तांब्याशी न पडलेली गाठ या दोन गोष्टी एकत्र धरल्या, तर व्होल्टेजचा आलेख नोंदीशी जुळतो.

नंतर त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं. ज्या पद्धतीनं १५ तारखेची नोंद वाचली, त्याच पद्धतीनं इतर सेक्टरांच्या उष्णता वाचायला घेतल्या. सेक्टर १-२ मधल्या एका द्विध्रुवाच्या आत १०० नॅनोओहमच्या आसपासचा जोड निघाला. सेक्टर ६-७ मध्ये ५० च्या आसपासचा. दोन्ही सेक्टर ९,३०० अँपिअरच्या परीक्षेत उत्तीर्ण ठरलेले होते! दोन्ही चुंबक काढले गेले.

सेक्टर ३-४ मधून ३९ द्विध्रुव आणि चतुर्ध्रुवांचे १४ संच वर आणले. दुरुस्त केलेले किंवा बदललेले चुंबक परत खाली गेले, शेवटचा ३० एप्रिल २००९ ला. झोताच्या नळ्या आतून पुसून काढल्या. हेलियम बाहेर पडण्यासाठी मोठी तोंडं बसवली. आणि जोडांसाठी नवी राखणव्यवस्था आली, जी १ व्होल्टची वाट पाहत नाही. ती ३०० मायक्रोव्होल्टला प्रवाह उतरवायला घेते, आधीपेक्षा तीन हजार पटींहून बारीक.

एवढं करूनही २०१० साली यंत्र निम्म्या ऊर्जेवर, ३.५ टेराइलेक्ट्रॉन व्होल्टवर चालवायचं ठरलं, कारण उरलेल्या हजारो जोडांबद्दल पुरती खात्री नव्हती. २०१२ साली ४ पर्यंत वाढवलं. त्या वर्षी ४ जुलैला हिग्ज कण सापडल्याचं जाहीर झालं, तेही या सावधपणे चालवलेल्या यंत्रावर. आपली खात्री जिथे संपते तिथे प्रवाह थांबवणं, आणि तरीही काम चालू ठेवणं, हा निर्णय धाडसाचा होता आणि शहाणपणाचाही.

फेब्रुवारी २०१३ पासून दोन वर्षं यंत्र बंद ठेवलं. दहा हजारांहून अधिक जोड उघडले, तपासले, गरज होती तिथे पुन्हा सोल्डर केले, आणि प्रत्येकाला तांब्याच्या जादा पट्ट्यांचा आधार दिला. २०१५ साली ऊर्जा ६.५ टेराइलेक्ट्रॉन व्होल्टवर गेली, २०२२ साली ६.८ वर. त्या ऊर्जेला सेक्टर ३-४ च्या मंडलातून सुमारे ११,५०० अँपिअर वाहतात, आणि प्रत्येक जोडाच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज पूर्ण वेळ मोजला जातो.